एका दमात एक ओळ

११ फेब्रुवारी १९७४
परत तेच! "रा–मा–नं बै–ल पा–हि–ला." हिचा बैल पाहून होईस्तोवर तो बाजारात विकला जाईल. तानी तिसरीत दुसऱ्यांदा बसलीय. गुरुजी म्हणतात, घरी वाचून घ्या. मग घेतेय की! गूळ-शेंगदाण्याच्या पुडीचे कागदसुद्धा सरळ करून तिच्यापुढं ठेवते. आधी मी वाचते, मग ती माझ्यामागं. केरसुणीची काडी शब्दांखालून सरकवत राहते, थांबू देत नाही. एका दमात एक ओळ.

"दम संपला, आत्ते," म्हणते आणि खुदकन हसते. कार्टी!

१९ फेब्रुवारी
गावचा आप्पासो पुण्याहून आला. लालादादाचा निरोप— "पाडव्याला येतो. तानीला हिकडं शाळंत घालतो. पर घडाघडा वाचाय पायजे, हितं वाचून घेत्यात."

दादा पलटणीत सुभेदार. पोर त्याचीच, नाही कोण म्हणतंय? तानी झाली तेव्हा वहिनी अंथरुणाला खिळलेली. दीड महिन्याचा जीव माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, "रंगू, तुलाबी कोण न्हाई. सांभाळ." नवऱ्यानं टाकलेली मी, माहेरी भावाच्या भाकरीवर. तानी आली आणि मला घरात मान आला. आता नऊ वर्षांनी न्यायला येतोय.

तानीला सांगितलं, नीट वाचायला लागलीस की बाबा पुण्याला नेणार. हसत सांगितलं. कसं हसले कोण जाणे.

२ मार्च
पुढं जायचं सोडून पोर मागं चाललीय. मागच्या आठवड्यात येत होता तो धडा आज येईना. काडी आपटली. "ढ कुठली!" म्हणाले. तिनं मान वर केली नाही.

आणि मला आतून बरं वाटलं. काय बाई आहे मी!

३ मार्च
आज वाचन नाही. मीच घेतलं नाही.

९ मार्च
तानीला घेऊन कोरेगावच्या बाजाराला गेले होते. स्टँडवर तिला पिशवीपाशी उभी केली आणि मी मिरच्या घ्यायला गेले. परत आले तर एक म्हातारा तिला विचारत होता, "पोरी, ही गाडी कुठली गं? मला दिसंना."

आणि तानी— "फलटण सातारा, मार्गे वाठार, कोरेगाव!" एका दमात! वर म्हाताऱ्याच्या हातातली औषधाची चिठ्ठीही वाचून दिली. दिवसातून तीनदा, जेवणानंतर, आंबट वर्ज्य. कुठं अडखळणं नाही, काही नाही. मी पाठीमागं मिरच्या घेऊन उभी.

वाटेत विचारलं. पायानं धूळ उडवत चालली. मग म्हणाली, "वाचाय आलं की बाबा नेणार. तूच म्हणालीस न्हवं?"

बांधावर बसून दोघी रडलो. लोक बघत होते. बघेनात!

१० मार्च
ठरलं. कुणाला सांगायचं नाही. पुण्याची शाळा नसली म्हणून काय बिघडतंय? मी सातवी झाले त्याचं काय सोनं झालं? तानी माझी आहे. माझीच!

२४ मार्च, पाडवा
गुढी उभारली. दादा सकाळीच आला. तानीला नवा फ्रॉक, मला लुगडं. जेवणं झाल्यावर पोरीला पुढं बसवून पुस्तक उघडलं. "वाच बरं."

तानी वाचू लागली. अक्षर अक्षर तोडून, चाचरत. माझ्याकडं बघत नव्हती. मी पदराचं टोक पिळत बसले.

दादानं पुस्तक मिटलं. रागावला नाही, तेच वाईट. म्हणाला, "ऱ्हाऊ दे. हिच्या नशिबात न्हाई शाळा. तुझ्यापाशीच ठेव. शाळंतनं नाव काढू, शेणगोठ्यात तुला हातभार व्हईल. अजून चार-पाच वर्सांनी उजवून टाकू."

तानीचा चेहरा असा खुलला! मला येऊन बिलगली. जिंकलो होतो आम्ही.

मग दादा सुपारी कातरता कातरता म्हणाला, "तुझ्यावर गेलीय बघ रंगू. तुझ्यावाणीच दिस काढंल."

दिवसभर तेच कानात. भांडी घासताना, धारा काढताना. माझ्यावाणी.

२५ मार्च
सकाळी दादा निघायच्या वेळी पुस्तक मीच तानीच्या हातात दिलं. "वाच. म्हाताऱ्याला वाचून दाखवलंस तसं." ती माझ्याकडं बघतच राहिली. मान हलवली, नाही नाही म्हणून. मी म्हणाले, "वाच गं बाई."

वाचलं. अख्खं पान, पाण्यासारखं. दादाचे डोळे भरून आले.

तानीचं बोचकं बांधेस्तोवर सकाळची गाडी चुकली, दोघं दुपारच्या गाडीनं गेले. चढताना तानी म्हणाली, "तूच धाडलंस मला." खिडकीतून बघितलं नाही.

होय. मीच धाडलं.