मावशीच्या पोराचा लॅपटॉप

१८ जून, संध्याकाळ

कॉलेजसाठी गेमिंग लॅपटॉप घ्याचा का नुसता गेम खेळाचा कन्सोल, हे आज शेलूबाजार गावात जाऊन ठरवाचं होतं. तिथल्या, बाबाच्या ओळखीतल्या एका मावशीले तिच्या वारलेल्या पोराचा लॅपटॉप विकाचा होता. मावशी म्हणे, "त्याच्या चेहऱ्यानंच उघडते. आमच्यापैकी कोणालेच उघडता आला नाही."

तिच्या घरी मी नुसती लॅपटॉपसमोर बसली. कॅमेऱ्याचा दिवा लागला अन् लॅपटॉप उघडला. माह्या चेहऱ्यानं! भिंतीवरच्या फोटोतल्या त्या पोरात अन् माह्यात काहीच सारखं नाही. मंग काहून? तो दिवा तं माह्याकडंच पाहून राह्यला होता.

"बाबा, मले कन्सोलच पाह्यजे," मी म्हटलं.

निघताना मावशीनं माहा हात धरला. "लॅपटॉप नोको घेऊ, पोरी. पण रोज येत जाय, त्याच्यासमोर बसाले."