राजलक्ष्मीच्या डोळ्यांतलं पाणी

॥ श्री ॥
लासुर्णे, ५ ऑगस्ट २०२४

चि. सौ. द्वारकास अक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आमी समदी खुशाल हाय. रामहरीरावांचा गुडघा कसा हाय ते लिव. तू परवा सारखे फोन केलेस म्हणं. मला फोनवर बोलायचा कंटाळा आलाय बघ. त्यापरीस पत्र बरं. निवांत लिवावं, निवांत वाचावं.

'हळदीची पावलं' बघतीस न्हवं? त्या मालिकेत एकच बाई चांगली, ती सासू राजलक्ष्मी. शुक्रवारी तिनं सुनेचा, शाल्मलीचा, हात हातात घेतला. डोळं भरून आलं तिचं. पदराचा जांभळा काठ काय उठून दिसत हुता! आन् ती शाल्मली बघ, सासू एवढा आशीर्वाद देतीया तर तोंड पांढरं करून उभी. आताच्या सुनांना मायेची किंमतच न्हाय.

आमच्याच घरात बघ. स्वरूपा सून म्हणून आली तवा किती बोलकी हुती. हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटते. मी आत गेले की ती आन् दिग्विजय कुजबुजत असत्यात, मी दिसले की गप. लेक माझा, पर मलाच परका झाला. दिवाळीनंतर मी मळ्यातल्या घरात वेगळी चूल मांडणार. सध्या मनात ठेव.

लोभ हायच, तो पत्रातनं पोचू दे.
तुझी मुक्ताक्का

॥ श्री ॥
बारामती, १० ऑगस्ट

ती. अक्काच्या पायांशी द्वारकाचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आलं तर हे घाबरलेच. त्यांना वाटलं, कोर्टाचं काही आलं. गुडघा बरा आहे. जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गुणी असतो.

अक्का, तू नक्की कुठली मालिका बघतेस गं? राजलक्ष्मी आणि चांगली? हात हातात घेऊन ती शाल्मलीला म्हणाली की उजाडायच्या आत घर सोडलं नाहीस तर तुझ्या बापाला तुरुंगात घालीन! डोळ्यांतलं पाणी रागाचं होतं. मी टीव्हीवर उशी फेकून मारली. हे म्हणाले, राजलक्ष्मीला लागली नाही, माझ्या चहाला लागली.

तू डुलक्या काढत बघतेस, दुसरं काय! की राजलक्ष्मीत तुला तूच दिसतेस? मालिकेतल्या सुनेचा राग घरातल्या सुनेवर काढू नकोस. स्वरूपा मला कधी वाकडं बोललेली आठवत नाही. आणि मळ्यात जायच्या आधी एवढं ध्यानात घे, तिथं टीव्ही नाही. राजलक्ष्मीवाचून तुझं कसं व्हायचं?

माया आहे तशीच राहू दे, राग आला तर निम्माच येऊ दे.
तुझी द्वारका

॥ श्री ॥
लासुर्णे, १६ ऑगस्ट

चि. सौ. द्वारकास आशीर्वाद, जरा कमीच. वि. वि.

मला शिकवू नगं. मी झोपत न्हाय, डोळं ताणून बघते. ह्या आठवड्यात त्या घरात दाढीवाला वकील आला. त्याला बघून समद्यांची तोंडं वासली, शाल्मली चक्कर येऊन पडली. वकिलाला एवढं काय भ्यायचं? आणली असंल एखादी नोटीस. मालिकावाले उगाच ताणत्यात झालं.

आता स्वरूपाची तऱ्हा. काल तिला म्हणलं, माळ्यावरची माझी पत्र्याची पेटी काढ. उभी राहिली, ओठ हलवलं आन् तरातरा निघून गेली. माझ्या तोंडावर! दिग्विजयला सांगून टाकलं, दिवाळी कशाला, गणपती झालं की जाते, मळ्यातलं घर झाडून दे. तो काय तरी बोलला आन् डोकं धरून बसला. बसू दे.

लोभ ठेव, अक्कल शिकवणं ठेवू नगं.
मुक्ताक्का

॥ श्री ॥
बारामती, २१ ऑगस्ट

ती. अक्कास द्वारकाचा वाकून नमस्कार. वि. वि.

तो वकील नाही गं अक्का. तो शाल्मलीचा मेलेला नवरा, विराज. मालिकावाल्यांनी त्याला नदीतून बाहेर काढलाय, दाढी लावून. विराज जिवंत आहे, विराज जिवंत आहे, असं त्या घरातला एकेक जण ओरडला. आमच्या खालच्या मजल्यापर्यंत गेलं असेल ते ओरडणं. तुझ्यापर्यंत कसं पोचलं नाही?

एवढं लिहिताना मी हसत होते, आणि मग हसू थांबलं. तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढली. साडीचा काठ आहे, पांढरं पडलेलं तोंड आहे, दाढी आहे. मालिकेत कोण काय बोललं, ते एकदाही नाही.

दुपारी जुने भाग पुन्हा दाखवतात. मी टीव्हीचा आवाज बंद करून बसले. ह्यांना सांगितलं, रिमोट बिघडलाय. आणि अक्का, तू लिहिलेली गोष्टच समोर दिसली. आवाज नसला की राजलक्ष्मी खरंच मायाळू दिसते. दाढीवाला वकीलच वाटतो. स्वरूपासुद्धा तुला तशीच दिसते का गं? नुसते ओठ हलताना?

फोन का नको, तेही आता कळलं. मी कुणाला काही बोललेले नाही. तू सांग, आणि आधी स्वरूपालाच सांग. मळ्यात एकटी जाऊन बसलीस तर तिथं हलणारे ओठही दिसायचे नाहीत.

लोभ कमी करू नकोस. चिडलीस तरी चालेल, पण लिही.
तुझी द्वारका

॥ श्री ॥
लासुर्णे, २२ सप्टेंबर

चि. सौ. द्वारकास अक्काचे आशीर्वाद. वि. वि.

महिना झाला, पत्र न्हाय म्हणून जीव टांगणीला लागला असंल. लागू दे. तुझं पत्र चुलीत घालणार हुते. धाकट्या भणीनं मला बहिरी म्हणावं! कान कधी गेलं मलाबी कळलं न्हाय. मला वाटायचं, जगच हळू बोलाया लागलंय.

गौरी जेवल्या त्या सांजेला स्वरूपा भांडी घासत हुती. तिच्या म्होरं पाट घेऊन बसले आन् सांगून टाकलं, मला ऐकू येत न्हाय गं पोरी. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मग माझ्याकडं तोंड करून सावकाश बोलली. म्हणाली, आत्या, मला वाटलं तुमी माझ्यावर रुसलाय. चहा ठेवू का म्हणून इचारते, तर तुमी तोंड फिरवून जाता. रोज दिग्विजयला तेच इचारायची, माझं काय चुकलं. त्या पेटीच्या दिवशीसुदिक ती शिडी आणायला गेली हुती आन् मी दार लावून बसले. द्वारके, मान वर करून बघवंना तिच्याकडं. दोघीबी रडलो, मग तिनंच माझं नाक पुसलं.

इंदापूरला कानाच्या डॉक्टरकडं तिनंच नेलं. आता कानात मशिन हाय. पयल्या दिशी कोंबड्या, मोटार, तव्यावरची भाकर, समदं अंगावर आलं. मळ्यातल्या घरात दिग्विजयनं खताची पोती रचलीत. राजलक्ष्मीचा आवाजबी ऐकला. बया बया! फुटका पत्रा. तू लिवलंस ते खरं, बाई वंगाळच हाय.

पर गंमत ऐक. स्वरूपाला ती पटते! म्हणते, राजलक्ष्मीनं विराजला दारात अडवलं ते बेस केलं, बायकोला न सांगता दाढी वाढवून हिंडला तो. मी म्हणलं, अगं तिच्या पोटचा लेक हाय! तर म्हणते, म्हणूनच. मग मी बोलले, ती बोलली, मी वरडले, ती माझ्यापरीस वरडली. दिग्विजय गोठ्यातनं पळत आला, काय झालं म्हणून. त्याला दोघींनी मिळून बाहेर काढला आन् पुन्हा जुंपली. भाग कवा संपला कळलंच न्हाय.

लोभ असू दे आन् मत माझ्या बाजूनं दे. स्वरूपा माझ्या खांद्यावरनं वाचतीया, म्हणते, मावशी माझ्याच बाजूच्या.
तुझी मुक्ताक्का