हाडांची गोळी

प्रिय धाकट्या,

तुझा फोन आला की मी सगळं ठीक आहे म्हणते, तूही हुश्श करतोस आणि तुझ्या ऑफिसच्या गोष्टी सुरू करतोस. म्हणून पत्र. पत्राला मध्येच मीटिंग आहे म्हणून तोडता येत नाही. माझे टाके सुकले. जिना चढते, मध्ये एकदा थांबते. बाबा जेवतात, म्हणजे ताटावर येऊन बसतात. मास्तरीण जाऊन काल एकवीस दिवस झाले. तू विचारलं नाहीस, तरी सांगते.

मास्तरीण हे नाव बाबांचंच. चौदा वर्षांपूर्वी ते मांजराचं पिल्लू खिशातून घरी घेऊन आले, आणि ती आल्या दिवसापासून टेबलावर चढून त्यांच्या पेपर वाचण्यावर डोळे वटारून देखरेख करायला लागली. तू तेव्हा घर सोडलेलंच होतंस. आई गेल्यानंतर बाबा दिवसभरात जे काही बोलायचे, ते निम्मं तिच्याशीच. दोन वर्षांपूर्वी तिच्या रक्तात कॅल्शियम फार वाढलेलं निघालं आणि डॉक्टरबाईंनी आठवड्याला एक गोळी लिहून दिली. गंमत म्हणजे खुब्याचं हाड मोडल्यावर बाबांना दिलेली गोळीही त्याच औषधाची, फक्त मात्रा वेगळी आणि कारण वेगळं. एकाची गोळी दुसऱ्याला चुकूनही द्यायची नाही, असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून दोन डबे, दोन फळ्यांवर. रविवारी सकाळी दोघंही उपाशी. तिची गोळी घशात अडकली तर आतून भाजतं, म्हणून मी मागोमाग सिरिंजने पाणी पाजायची आणि नाकाला लोणी लावायची, म्हणजे ती चाटून गिळायची. बाबा ग्लासभर पाणी पिऊन अर्धा तास ताठ बसायचे. त्यांची वेळ आधी संपायची, पण तिला खायला मिळेपर्यंत हा माणूस चहाला हात लावायचा नाही. त्या दोघांची रुसलेली तोंडं बघून मला हसू यायचं. आता रविवारी स्वयंपाकघरात जावंसंच वाटत नाही.

माझ्या ऑपरेशनसाठी तू रजा टाकून आलास. जखम चिघळली, पाच दिवसांचे सोळा झाले, तरी तू कुरकुर न करता राहिलास. हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. बाबांचे हात थरथरतात, मांजराच्या तोंडात सिरिंज धरणं त्यांना कधीच जमलं नाही, म्हणून तर तुला बोलावलं. दवाखान्यात जाण्यापूर्वी मी कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला. आता माझी चूक ऐक. त्या कागदावर मी लिहिलं, 'मास्तरीण, हाडांची गोळी, रविवारी.' रक्तातलं कॅल्शियम कमी करायची गोळी, असं लिहायला हवं होतं. पण बाबांच्या गोळीला आम्ही हाडांची गोळी म्हणायचो, तेच तिच्याही गोळीला चिकटलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते मी, स्वल्पविराम सुटला तरी डोळ्यात खुपतो, आणि घरातल्या कागदावर हे लिहून बसले. हे मी डॉक्टरबाईंना सांगितलं, बाबांनाही सांगितलं. बाबा म्हणाले, तुझं काय चुकलं, तू तर दवाखान्यात होतीस.

तू आलास, तुला मांजर खंगलेलं दिसलं, कागदावर हाडं दिसली. म्हणून तू तिला बाबांचं कॅल्शियमचं सिरप पाजलंस, प्रेमानेच पाजलं असणार. लहानपणी पाय मोडलेल्या चिमणीला तू दूधभात भरवायचास, मला आठवतंय. पण अरे, मला एक फोन करायचास. मी उशाशी फोन घेऊन छताकडे बघत पडले होते, मला दुसरं काम काय होतं? त्या सिरपमध्ये ड जीवनसत्त्वही असतं. धडधाकट मांजरालाही ते बाधतं. हिच्या रक्तात तर कॅल्शियम आधीच काठोकाठ भरलेलं.

ती ओकायला लागली, सारखं पाणी प्यायला लागली, टेबलावर उडी मारता येईना. रक्त तपासून डॉक्टरबाईंनी विचारलं, हिला कोणी कॅल्शियम दिलंय का. तू मला फोन लावून स्पीकरवर टाकला होतास. मी तुझे शब्द जसेच्या तसे ऐकले. 'बाबांनीच त्यांचं औषध चुकून तिच्या वाटीत ओतलं असेल, हल्ली विसरतात ते.' बाबा शेजारीच उभे होते, त्यांनीही ते ऐकलं. मूत्रपिंडं निकामी झाली होती, चार दिवसांत संपलं. तू पाचव्या दिवशी गेलास.

मलाही ते खरंच वाटलं. गेल्या आठवड्यात तिच्या वस्तू आवरायला काढल्या. तिची सिरिंज हातात आली. पाण्याशिवाय तिच्यात कधी काही भरलं नव्हतं, आणि आत बाबांचं गुलाबी सिरप वाळून चिकटलेलं होतं, दोनच्या खुणेपर्यंत. बाबांना ती सिरिंज धरताच येत नाही, धाकट्या. मी ती धुतलेली नाही. कपाटात ठेवली आहे.

तुझी चूक मी पोटात घातली असती. माझीही त्यात होतीच. पण बाबांनी आता गॅस पेटवणं सोडलं आहे. गोळ्या ते माझ्याकडून मोजून घेतात आणि पुन्हा मलाच मोजायला लावतात. काल त्यांनी मला समोर बसवलं आणि एखाद्या वृद्धाश्रमाची चौकशी कर म्हणाले. 'आज मांजर गेलं, उद्या तुझ्या पोटात काहीतरी भलतंच घालीन, माझा भरवसा नाही.' मी समोरच्या पेपरच्या घड्या घालत राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर तुझंच नाव निघालं असतं. मग म्हणाले, धाकट्याला यातलं काही कळवू नकोस, पोरगं रजा टाकून आलं होतं, आपलं लक्ष कमी पडलं म्हणून जिवाला लावून घेईल. हे ऐकल्यावर मला राहवेना, म्हणून लिहायला बसले. रविवारपर्यंत वाट बघते. फोन मला करू नकोस, त्यांना कर, आणि काय केलंस ते स्वतःच्या तोंडाने सांग. नाही केलास तर सोमवारी मी सांगेन. मग मांजराच्या खऱ्या गोष्टीबरोबर त्यांना हेही कळेल की त्यांचा मुलगा सगळं माहीत असून गप्प बसला होता.

अजून तरी तुझीच,
ताई