बोरी फाट्यावरचा दगड

आबा, बोरी फाट्यावरचा तो दगड परवा उपटला. रस्ता रुंद करायलेत, जेसीबी लावलाय. देवाला हात लावू नका म्हणत अर्धं गाव आडवं उभं राहिलं आणि मला मेलीला हसू आवरेना. तो देव मी केलाय, हे तुमच्याशिवाय सांगू कुणाला?

दगड बसवला त्या दिवशी मी तिसरीत होते. माझ्या जन्माआधी फौज आली, रझाकारी संपली, तेव्हा रझाकारांशी लढणाऱ्या तुमच्या कॅम्पातल्या लोकांनी त्याच फाट्यावरच्या लिंबाखाली बंदुका खाली ठेवल्या आणि आपापल्या गावची वाट धरली, त्याची ती आठवण. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून, माझं बोट धरून निघालात. आपल्या गावचा पुढारी, तुमच्याच कॅम्पातला, दगडावरची नावं माईकवर वाचत होता, पहिलं स्वतःचं. तुमचं आलंच नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. गर्दी पांगल्यावर मला दगडापाशी नेऊन तुम्ही हळूच म्हणालात, "माजं हाय का बघ बरं." मी न्हाई म्हटलं. "नीट बघ, माय." मी चिडले. तिकडं जिलेबी वाटणं सुरू होतं.

मग तुम्ही त्या पुढाऱ्यालाच विचारायला गेलात. चारचौघांत तो म्हणाला, "तू भाकरी थापायला होतास. चुलीपाशी बसणाऱ्याचं नाव दगडावर घालतेत व्हय?" लोक हसले. तुम्हीही हसल्यासारखं केलंत. आई आजारी असली की घरात तुम्हीच भाकरी करायचात, पातळ, टम्म फुगलेली, आईलाही तशी जमत नसे. त्या दिवसानंतर तुम्ही परातीला हात लावला नाही. आई तापानं फणफणलेली असताना आम्ही दोन दिवस मुरमुऱ्यावर काढले, आणि तुम्ही ओट्यावर बसून राहिलात.

तुम्ही गेलात. मी मास्तरीण झाले, बोरीच्या शाळेत लागले, रोज त्याच फाट्यावर एसटीतून उतरायचे. एका अमावस्येला पिशवीत तेल-शेंदूर नेला आणि दगडावरच्या त्या पुढाऱ्याच्या नावावर फासला. वाच म्हटलं आता. पुढच्या अमावस्येला पुन्हा. आपल्या लोकांना शेंदूर दिसला की पुरे. कुणी नारळ फोडला, कुणी लिंबू वाहिलं, टेम्पोवाले थांबून हात जोडायला लागले. चार-पाच वर्षांत वरपासून खालपर्यंत दगड लालभडक झाला, एक अक्षर दिसेना. पुढारी तेव्हा जिवंत होता. काठी टेकत फाट्यावर यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, बाबांनो, हा देव न्हाई, ह्याच्याखाली माझं नाव हाय. म्हातारा चळला म्हणून लोक पुढं जायचे. मी एसटीची वाट बघत शेजारीच उभी असायचे. त्या दिवशीचं जेवण लय गोड लागायचं, आबा. तसाच झुरत मेला तो. मला कीव आली नाही, आजही येत नाही.

तर परवा पूजा करून, नारळ फोडून दगड उचलला. शेंदराची खोळ ढलपीसारखी गळून पडली. आणि इतकी वर्षं मातीत असलेल्या भागावर आणखी एक ओळ निघाली. तुमचं नाव. गावासकट, पूर्ण. त्याच्याखाली हातभर ओबडधोबड दगड, न घडवलेला. जेवढा गाडायचा तेवढा पाथरवट घडवत नाही, हे माझ्यासारखीलाही कळतं. म्हणजे यादीत तुम्ही होतात, कोरलेही गेला होतात, आणि पुढाऱ्यानं मुद्दाम खड्डा खोल घेतला. मुडद्या, वर गाठ पडू दे तुझी! मी दोन दिवस उन्हात उभी राहिले. नवीन जागी दगड बसवताना तुमची ओळ जमिनीच्या वर चार बोटं राहिली तेव्हाच घरी आले. येताना त्याच्या नावावर पुन्हा शेंदूर फासला. तुमच्या नावाला बोटही लागू दिलं नाही.

हे पत्र टाकणार कुठं? तुम्हाला वाचून दाखवणारी मीच होते, आणि माझं वाचणं तुम्ही बघितलंय. त्या दिवशी दगडाच्या बुडाशी, ताज्या मातीच्या जरा वर, अक्षरांच्या डोक्यावरची रेघ दिसत होती. मी ती बघितली होती, आबा. माती ओली होती, बोटानं सरकली असती. पण जिलेबी संपत आली होती.