बोलत चला, गुरुजी

पोंभुर्णा,
फाल्गुन वद्य ५, शके १८७८

सौ. कुमुद हिस,

आम्ही सगळे सुखरूप आहोत, हे आधी वाच आणि मग पुढचं. होळीच्या सुट्टीतल्या श्रमदान शिबिराला आलेली कॉलेजची बावीस मुलं माझ्यावर सोपवली आहेत. पाणी उकळूनच पाजतो, तळ्यात कोणाला पोहू देत नाही. एकाला ताप होता, तो उतरला.

आज पहाटे त्यांना जंगलात मोहफुलांचा सडा दाखवायला नेलं. जनावर बिथरू नये म्हणून मीच दम भरला होता, "तोंडातून शब्द काढू नका!" फुलं वेचणारी गोकुळाबाई मात्र आम्हाला पाहून ओरडली, "चुपचाप काऊन येता? बोलत चला, गुरुजी! अस्वल दचकलं तं फाडते!"

तिनं बोट दाखवलं. वीस पावलांवर अस्वल फुलं खात होतं. बाई घरातल्यासारख्या आवाजात त्याला म्हणाली, "हे पोट्टे परके हायेत, बापा. तू तिकडच्या झाडाखाली जा." आणि ते डुलत डुलत खरंच गेलं! ऊन वर आलं तरी एकही मुलगा जागचा हलला नाही. माझे हात आपोआप जोडले गेले होते.

आता ही बी.ए.ची मुलं मोठ्यानं पाढे म्हणत हिंडतात.

बेबीचा खोकला कसा आहे? मी न बोलता घरात शिरतो आणि तू दचकतेस, हे तू किती वर्षं सांगते आहेस. या खेपेला फाटकापासूनच हाक मारीन.

तुझा,
नारायण