टबाखालचा दिवा

एली, मिनेसोटा
३१ जानेवारी, गुरुवार

लाडक्या कारिनला,

आईचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी तू अर्ध्या ताटावरून उठून गेलीस, त्याला दोन महिने झाले. तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. हट्टाला आपण दोघी सारख्याच. शेजारचा रॉल्फ उद्या तुझ्या डुलुथला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देते. फोन दोनदा उचलला होता, पण तो स्वयंपाकघरात आणि बाबाही दिवसभर तिथेच.

इथे मंगळवारपासून उणे चाळीस. बाबांचा जुना विनोद चालू आहे, की उणे चाळीसला आपल्या फॅरनहाइटचं आणि कॅनडावाल्यांच्या सेल्सियसचं भांडण मिटतं, दोघांच्या पाऱ्यावर एकच आकडा येतो. काल त्यांनी तो चार वेळा सांगितला. मी चारही वेळा हसले.

मंगळवारी सकाळीच अंगणातल्या गरम पाण्याच्या टबाचा पंप बंद पडला. विजेच्या खांबावरून पडल्यापासून बाबांच्या पाठीला तेवढाच एक आराम आहे, तुला ठाऊकच आहे. नवा पंप शनिवारी येणार. टबातलं पाणी जाड झाकणाखाली तोवर तग धरेल, पण खालच्या पेटीतले बारीक पाइप ऊब नसेल तर दिवस-दीड दिवसात गोठून फुटतात. पाणी उपसायला घ्यावं, तर या थंडीत ते उपसता उपसताच गोठणार. मी घाबरले.

"एवढ्याने काय हातपाय गाळतेस?" बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं वीज हाताळलीय मी. पेटीत दिवा टांगतो. दिव्याची ऊब पुरते पाइपांना."

गॅरेजातून वायर ओढून त्यांनी दिवा टांगला, टबाभोवती जुन्या गोधड्या गुंडाळल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून सारखी बघत होते. फटीतून उजेड दिसला की जिवात जीव यायचा.

काल दुपारी सहज आत हात घातला, तर पेटी गारढोण. दिव्याला चुकून बोट लागलं आणि भाजलं नाही. ते नवे दिवे असतात ना, लख्ख पेटतात आणि तापत नाहीत, त्यातला एक टांगला होता. पाइपांवर बर्फाचा पांढरा थर धरायला लागला होता.

चूक कुणाचीही होते, असं मनाला समजावत मी जुना दिवा शोधायला गॅरेजात गेले. फळीवर कॉफीचा डबा सापडला. आत मोज्यांत गुंडाळलेले तीन जुने दिवे, आणि झाकणावर चिकटपट्टी लावून बाबांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं: 'फक्त टबासाठी. नवे दिवे टांगू नका, ते तापत नाहीत.'

दिवा मी बदलला. पाइप वाचले. डबा मात्र पिठाच्या मागे लपवून ठेवला. कुणापासून, ते विचारू नकोस.

रॉल्फच्या बायकोने बटाटे-खिम्याचं हॉटडिश पाठवलंय, दोन दिवस पुरेल. तिचा गुडघा बरा आहे. तळ्यावर बर्फ इतका जाड झालाय, की ट्रक जातात.

बघ, अजून टाळतेच आहे मी.

आज सकाळी न्याहारीनंतर बाबा घरात दिसले नाहीत. बाहेर गेले तर ते टबापाशी बर्फात गुडघे टेकून बसलेले. पेटीची फळी काढलेली, एका हातात स्क्रू-ड्रायव्हर, दुसरी बाही कोपरापर्यंत ओली. पंप नुसता गुणगुणत होता. म्हणजे त्यात वीज होती, कारिन.

"अर्व्हिड, हात बाहेर काढ."

"ओरडतेस कशाला? पंप बघतोय."

"मेन बंद केलंस?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुठलं मेन?"

मी गॅरेजपर्यंत कशी पोचले मला सांगता येणार नाही. खटका वरच होता, म्हणजे चालू. मी तो खाली ओढला, आणि परत अंगणात यायचं धैर्य होईना. ते उत्तर देतील की नाही याची भीती वाटत होती. गॅरेजच्या दारातूनच हाक मारली. "आता काय?" असं वैतागून म्हणाले, तेव्हा मी धावत अंगणात आले.

तू आठ वर्षांची असताना याच माणसाने तुझ्याकडून घोकून घेतलं होतं, आधी मेन, मग हात. पुढे तू त्यांचाच धंदा उचललास, तेव्हा गावभर मिरवले होते.

आत आल्यावर मी तो डबा त्यांच्यासमोर ठेवला. का ठेवला कोण जाणे, रागच आला होता बहुतेक. त्यांनी चिकटपट्टी दोनदा वाचली.

"कुणी लिहिलंय? कामाचा माणूस दिसतो," ते म्हणाले.

मी हसले, चेष्टा असेल म्हणून. ते हसले नाहीत. बराच वेळ अक्षरावरून अंगठा फिरवत राहिले. मग हळूच म्हणाले, "आर्डिस, कारिनला यातलं काही कळवू नकोस."

तर मी कळवते आहे. नोव्हेंबरात तू म्हणालीस, बाबांना डॉक्टरकडे ने, ते आपल्याच घराचं वळण चुकले. मी म्हटलं, बापाचा कंटाळा आला असेल तर सरळ सांग. तुझं खरं होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं, बाई. वळण ते सप्टेंबरातही चुकले होते, गाडीत मी शेजारी होते.

मला भीती वाटते. टबाची नाही, तो फुटला तर फुटू दे. ते खोलीतून उठले की मला भीती वाटते.

शनिवारी ये. हत्यारांची पिशवी घेऊन ये आणि पंप बसवायला आले म्हण. डॉक्टरचं आपण दोघी मिळून बोलू. पण आधी गॅरेजातल्या मेनच्या पेटीला कुलूप लाव आणि किल्ली माझ्याकडे दे. कुलूप का, असं ते तुला विचारतील. त्यांनीच तुला शिकवलेलं त्यांना सांग, आधी मेन, मग हात. तुझ्या तोंडून ते ऐकून घेतील.

उजेड दिसतोय एवढ्यावर निश्चिंत राहिलेली,
तुझी आई