रॅमची दुसरी पट्टी

तारनाका, हैदराबाद
१५ ऑक्टोबर २०२५

चि. चिन्मय यास,

आशीर्वाद. तू ते स्वीकारशील असे गृहीत धरून पुढचे लिहीत नाही. माझा फोन तू घेत नाहीस आणि जे सांगायचे आहे ते फोनवर सांगण्यासारखेही नाही, म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

बाबांना ताप नाही. गळ्यातील नळी मागच्या आठवड्यात बदलली. वजन दीड किलोने घटले आहे. उजव्या तर्जनीची हालचाल अजून शाबूत आहे. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या नव्या बसवल्या, त्यामुळे वीज गेली तरी व्हेंटिलेटर चार तास चालतो. समोरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये दिवाळीची रंगरंगोटी सुरू आहे. मी गेटच्या बाहेर शेवटची कधी गेले ते आठवून पाहिले, तर उत्तर ऑगस्ट असे आले.

दर रविवारी तू बाबांची शुश्रूषा करणाऱ्या रोशनीच्या फोनवरून बाबांच्या कानाशी बोलतोस, हे मला ठाऊक आहे. त्या वेळी मी स्वयंपाकघरात असते. तू बसवून दिलेला संगणक तेरा दिवस बंद होता, हे रोशनीने तुला सांगितले असेल. तो का बंद होता हे तिला माहीत नाही. ते सांगण्यासाठी हे पत्र आहे.

सवयीप्रमाणे आधी वस्तुस्थिती मांडते. पडद्यावर अक्षरे एकामागून एक उजळतात, हवे ते अक्षर आले की बाबा तर्जनीखालचे बटण दाबतात. एका वाक्याला दहा-बारा मिनिटे लागतात. त्यांना बोलण्याचे दुसरे साधन नाही. आणि पडद्यावर उमटलेले मराठी या घरात फक्त मला वाचता येते. रोशनीचे घर मूळचे नांदेडकडचे, पण शाळा कुकटपल्लीला, तेलुगू माध्यमात.

सप्टेंबरच्या अखेरीस संगणक चालता चालता आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. तीस तारखेला बाबांचे वाक्य अर्धवट असताना तो गेला, आणि एक तारखेला सुरूच होईना. गल्लीच्या तोंडाशी संगणक दुरुस्त करणारा युवराज आहे, त्याला बोलावले. त्याने दोन मिनिटे पाहिले.

"अम्मा, विंडोज उड गई सो है. नवी डालना पडता."

"डाल," मी म्हणाले.

पेन ड्राइव्ह लावून त्याने सुरुवात केली. फायली चढता चढता एकतीस टक्क्यांवर सगळे थांबले. पुन्हा केले, तर चौसष्टवर थांबले. तिसऱ्यांदा बारावर.

"हार्ड डिस्क गई अम्मा. बदली कर लेओ, टेन्शन नक्को."

"डिस्क खराब असेल तर खराब जागा एकच असणार. मग दर वेळी निराळ्या ठिकाणी का थांबते?"

"मशीन है अम्मा," तो हसत म्हणाला, "मूड होता."

मूड हे कारण होऊ शकत नाही. तरीही त्याच्याकडून नवी डिस्क ठेवून घेतली आणि त्याला निरोप दिला. पस्तीस वर्षे तर्कशास्त्राच्या वर्गात मुलांना अन्वय आणि व्यतिरेक शिकवले. जे असताना दोष असतो आणि जे नसताना दोष नसतो, ते त्याचे कारण. संगणकाचा खोका उघडायला स्क्रू ड्रायव्हर आणि धीर एवढेच लागते, हे तूच एकदा म्हणाला होतास.

दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह बदलला. दोष कायम. तिसऱ्या दिवशी युवराजची नवी डिस्क लावली. दोष कायम, म्हणजे जुनी डिस्क निर्दोष. चौथ्या दिवशी रॅमच्या, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, दोन पट्ट्यांकडे आले. दुसरी पट्टी काढून फक्त पहिलीवर चालवले: शंभर टक्के. पहिली काढून दुसरी लावली: एकोणीस टक्क्यांवर थांबले. दोष पट्टीत नसून खाचेत असू शकेल, म्हणून निर्दोष पट्टी दोन्ही खाचांत घालून पाहिली. दोन्हीकडे नीट चालली. निष्कर्षात फट उरली नाही. दुसरी पट्टी खराब होती.

हे चार ऑक्टोबरला दुपारी साडेतीनला सिद्ध झाले. बाबा तेरा तारखेला बोलू लागले.

मधल्या नऊ दिवसांसाठी तुला थोडे मागे न्यावे लागेल.

दोन वर्षांपूर्वी, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, बाबा शुद्धीवर नसताना डॉक्टरांनी गळ्यात श्वासाची नळी घालण्याबद्दल विचारले तेव्हा तू म्हणालास, "आई, बाबांना नळी नकोय. सुलतान बाजारातून येताना गाडीत त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय." मी म्हणाले की ही एकाच माणसाची साक्ष आहे, एकांतातली आहे आणि लेखी नाही. एवढ्यावर थांबले असते तर ते निदान तर्काला धरून झाले असते. पुढे मी म्हणाले की सेवा करून दमलेल्या माणसाला त्याला सोयीचे तेच ऐकू येते. आणि संमतीपत्रावर सही केली. तू तीन आठवडे थांबलास, बाबांना बोलता यावे म्हणून हा संगणक बसवलास, आणि जाताना म्हणालास, "वाद तू जिंकलीस. आता त्यांच्याजवळ तूच बस."

मी बसले. या दोन वर्षांत नळीबद्दल बाबांना मी एकदाही विचारले नाही, आणि तेही कधी बोलले नाहीत. मी आपणहून विचारीन म्हणून ते थांबले असावेत. हे माझे अनुमान आहे.

एकोणतीस सप्टेंबरला सकाळी त्यांनी लिहिले: "चिन्मयला गाडीत मीच सांगितलं होतं. तो खरं बोलला. त्याला बोलाव."

रोशनी त्यांचे पाय चोळत होती. तिने विचारले, "काय लिहिलं काकांनी?"

मी म्हणाले, "पंखा कमी करायला सांगतात."

तिने उठून पंखा कमी केला. मी पडद्यावरची अक्षरे पुसली. बाबांचे कान उत्तम आहेत, चिन्मय. त्यांनी ऐकले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी पंख्याकडे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच वाक्य पुन्हा सुरू केले. "चिन्मयला गा" एवढे झाले आणि संगणक बंद पडला.

आता चार तारखेचे राहिलेले सांगते. शंभरचा आकडा दिसला तेव्हा खोका बाबांच्या पलंगाशेजारी टेबलावर उघडा होता आणि पडदा नेहमीप्रमाणे त्यांच्या समोर. तो आकडा माझ्याइतकाच त्यांनीही पाहिला. खाचांची पडताळणी झाल्यावर माझ्या एका हातात चांगली पट्टी होती आणि दुसऱ्या हातात खराब. मी चांगलीबरोबर खराब पट्टीही पुन्हा तिच्या जागी बसवली, झाकण लावले, चारही स्क्रू पिळले. स्क्रू पिळताना मी त्यांच्याकडे पाहिले नाही. पाहिले नाही म्हणजे त्यांचे डोळे माझ्या हातांवर होते हे मला माहीत होते.

रोशनीला सांगितले की बिघाड सापडत नाही.

त्यानंतर मी रोज एक प्रयोग केला. संगणक चालू करून विंडोज पुन्हा पहिल्यापासून चढवायला लावायची, ती मध्येच थांबली की वहीत टक्के नोंदवायचे, संगणक बंद करायचा. सत्तेचाळीस. आठ. बहात्तर. थांबणार हे माहीत असलेली गोष्ट थांबताना पाहणे याला प्रयोग म्हणत नाहीत. दुसऱ्या कोणी माझ्यासमोर असे केले असते तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते.

सहाव्या दिवशी रोशनी एक पुठ्ठा दाखवत म्हणाली, "काकू, गत्त्यावर अक्षरं लिहू ना. तुम्ही बोट फिरवा, काका डोळे मिटतात बराबर. माझी मावशी वार्डात करते तसं. मला मराठी वाचता येत नाय, नायतर मीच केलं असतं की."

मी तिला समजावून सांगितले की पापणी अनेक कारणांनी मिटते: थकव्याने, उजेडाने, आपोआप. जे चिन्ह अनेक कारणांनी उत्पन्न होते ते कोणत्याही एका गोष्टीचा पुरावा ठरत नाही. तिने ऐकून घेतले.

"असंल काकू," ती म्हणाली. "तुम्ही शिकेल माणसं. पण मी 'पाणी फिरवू का ओठावर' विचारलं, की काका मिटतात."

नऊ दिवस घर शांत होते. व्हेंटिलेटर मिनिटाला चौदा श्वास देत राहिला. मला त्या शांततेत बरे वाटत होते. हे लिहिल्यावर दहा मिनिटे थांबले, खोडावे का असा विचार केला. खोडत नाही.

परवा, तेरा तारखेला, दुपारी एक वाजता रोशनी जेवायला आणि नंतर औषधे आणायला गेली. जाण्यापूर्वी तिने बाबांना डाव्या कुशीवर वळवले होते. मी शेजारी बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवले, अग्रलेखासकट. एका मुद्द्यावर लेखकाचा तर्क कच्चा होता, तो कसा तेही सांगितले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते. डोळे कोरडे पडतात म्हणून आपण थेंब घालतो, त्याचेच असेल असे म्हणून मी टिपले. चारदा तरी टिपले. रोशनी साडेपाचला परतली आणि तिने त्यांचे डोके उचलले.

"काकू! कान बघा ना इकडं! सगळा दुमडला खाली, काळानिळा पडला. बाप रे, कधीपासून असा दबला? काका, सांगायचं ना हो—"

आणि ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. ती त्यांचा कान तळहातात धरून बसली.

साडेचार तास, चिन्मय. मी हातभर अंतरावर होते.

मी उठले, झाकण काढले, दुसरी पट्टी उपटून बाहेर ठेवली. विंडोज चाळीस मिनिटांत चढली. तुझा अक्षरांचा प्रोग्राम आणि बटणाची जोडणी तू लिहून ठेवलेल्या कागदाप्रमाणे केली. सात वाजून दहा मिनिटांनी पहिले अक्षर उजळले. मी रोशनीला जवळ उभे केले आणि सांगितले, की एकोणतीस तारखेला काकांनी पंख्याचे काही लिहिले नव्हते. काय लिहिले होते तेही सांगितले, आणि पट्टीचेही. ती एवढेच म्हणाली, "काकू, मी उद्या येते. पण काकांसाठी."

बाबा माझ्यावर काहीतरी लिहितील, या तयारीने मी उभी होते. पाऊण तासात त्यांनी लिहिले: "चिन्मयला ये म्हण. तू लिही. पट्टीचंही लिही. मला काय हवं ते तो आल्यावर सांगेन."

त्यांना काय हवे असेल याचे अनुमान मला करता येते. ते करणार नाही. दोन वर्षे मी त्यांच्या वतीने अनुमानेच केली.

हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी पानापानाने त्यांच्यासमोर धरले. एके ठिकाणी त्यांनी बटण दाबून मला थांबवले. मूळ मसुद्यात मी लिहिले होते की पट्टी परत बसवली तेव्हा मी गोंधळले होते. त्यांनी लिहिले: "नव्हतीस." ते वाक्य काढले आहे.

व्हरांड्यात तुला दमलेला म्हटले त्याबद्दल क्षमा मागण्याचा प्रसंग हा नव्हे. ती समोरासमोर मागेन, तू उभे राहू दिलेस तर. तोवर एक व्यवस्था केली आहे. बाबांनी काहीही लिहिले, की मी पडद्याला हात लावण्याआधी रोशनी फोनवर त्याचा फोटो काढून तुला पाठवील. आजपासून सुरू आहे. माझ्या वाचनावर तू विसंबून राहू नकोस. बाबाही राहिलेले नाहीत.

त्यांची तर्जनी पूर्वीपेक्षा हळू चालते. डॉक्टर अवधी सांगत नाहीत. तू दिवाळीची वाट पाहू नकोस.

पडद्यापासून दूर, दाराजवळच्या खुर्चीत बसलेली,
तुझी आई